शेजार

फार जुनी गोष्ट. सुगरण पक्ष्यांत तेव्हाही घरटं नर विणायचा आणि मादी ते पाहून पसंत करायची. पिवळ्या नावाच्या नराने बाभळीवर जीव ओतून घरटं विणलं. शहरात शिकलेल्या मादीने आत डोकावलंसुद्धा नाही.

“काय हा शेजाऱ्यांचा कलकलाट! इथे राहायचं?”

दमलेल्या पिवळ्याने लांबच्या ओसाड विहिरीवर दुसरं टांगलं. ती खूश झाली, तेवढ्यात फांदीवरून साप सरकताना दिसला.

“अगं बाई! इथे ओरडून सावध करणारं कुणीच नाही?”

“चल, बाभळीवरच जाऊ,” पिवळ्या म्हणाला.

बाभळीवरचं घरटं अजून झुलत होतं. आतून कुणी अनोळखी मादी म्हणत होती, “शेजार कसा भरलेला आहे, नाही?”

पिवळ्या पुन्हा गवत आणायला निघाला.