राजकन्येची पुरचुंडी

देवाशपथ सांगतो, ही गोष्ट शब्दन्‌शब्द खरी आहे. माझ्या डोळ्यांनी पाहिलेली. म्हणजे, तेव्हा माझा जन्म व्हायचा होता, पण तेवढ्यानं काय बिघडतं?

फार पूर्वी एका डोंगराळ राज्यात एक राणी होती आणि तिला एक चिमुकली राजकन्या. राणीचा लेकीवर इतका जीव, की तिला कशाला हात म्हणून लावू देत नसे. एक दासी घास भरवी, दुसरी झबल्याचे बंद बांधी, आणि तिसरी तर राजकन्येच्या वतीनं तिच्या बाहुलीशी खेळे!

त्या राज्यात एक रीत होती. शाळेच्या पहिल्या दिवशी आईनं पुरचुंडीत लाडू बांधायचा आणि लेकरानं चारचौघांत आपल्या हातानं गाठ सोडायची. सुटली तर शाळा, नाहीतर पुढच्या वर्षी.

राजकन्येनं गाठ ओढली, चावली, शेवटी तिच्यावर बसूनही पाहिलं. गाठ ढिम्म! तिची मैत्रीण, कुंभाराची पोर, केव्हाच लाडू खात शाळेत पळाली होती.

"आई, तू मला हात दिलेच नाहीस का गं?" राजकन्येनं हुंदके देत विचारलं.

राणीनं पदरानं तिचे डोळे पुसले. दुसऱ्याच दिवशी तिनं दासींना रजा दिली आणि लेकीला घेऊन स्वयंपाकघरात फतकल मारली. पुढ्यात कणकेचा गोळा ठेवला. "चिमट, थापट, लांबच लांब नागोबा कर!" मग मटार सोलणं आलं, एकत्र केलेले वाल-हरभरे निवडणं आलं, रव्यात लपवलेल्या सुपाऱ्या शोधणं आलं, झेंडूच्या माळा आल्या.

राजा कौतुकानं डोकवायला आला, तो सांडलेल्या पिठावरून घसरून थेट ताकाच्या रांजणावर आदळून धपकन खाली बसला.

"अगं, हा राजवाडा आहे की पिठाची गिरणी?"

"ते नंतर बघू. आधी उठा, नागोबावर बसलात!"

वर्ष सरलं. पुन्हा पुरचुंडी बांधताना राणी घुटमळली. पोर पुन्हा रडली तर? तिनं हळूच गाठ सैल ठेवली, नुसत्या फुंकरीनं सुटेल अशी.

राजकन्येनं गाठ चाचपली. "आई, ही तर सैलच आहे!"

"गप सोड गं बये," राणी कुजबुजली.

"अं हं." पोरीनं ओठ दाबून स्वतःच करकचून निरगाठ मारली. मग चिमटीत टोक धरलं, नखानं जराशी फट पाडली आणि गाठ अलगद सोडली. अर्धा लाडू आईच्या तोंडात कोंबून म्हणाली, "आता रडायचं नाही हं!" आणि दारात थांबलेल्या कुंभाराच्या पोरीबरोबर धूम पळाली.

तात्पर्य: लेकराची गाठ सैल करू नये; त्याच्या हातात कणकेचा गोळा द्यावा.

आता कबूल करतो. राणी, राजवाडा, दासी, ताकाचा रांजण, सगळ्या माझ्या थापा. पिठावरून घसरलेला बाप तेवढा खरा. खाली बसताना माझी कंबर अजून धरते.