इनामदारांचे अस्सल छर्रे

आप्पासाहेब इनामदारांना वडिलांच्या शिकारखान्याचा भारी तोरा. एकदा पाहुण्यांसमोर त्यांनी एअरगनच्या छर्र्यांचे दोन छोटे ढीग मांडले आणि बंदुका दुरुस्त करणाऱ्या रसूल शिकलगाराला बोलावून घेतलं.

"यातले आमच्या वडिलांच्या वेळचे विलायती छर्रे कोणते आणि कालचे नकली कोणते, सांग बघू!"

रसूलनं दोन्हींतला एकेक छर्रा उजेडात फिरवला. एकाची कड वाकडी होती आणि अंगावर साच्याची रेघ उमटली होती. दुसरा मात्र नितळ, कंबरेत बारीक, कडेला एकसारख्या चुण्या.

"हे अस्सल," तो म्हणाला.

आप्पासाहेब चिडले. "ठोकलास अंदाज! असला छर्रा जन्मात कधी पाहिला तरी होतास का?"

"पाहिला की, सरकार. माझी बहीण जुलेखा सहा वर्षांची असताना तुमच्या बागेत पेरूच्या झाडावर चढली होती. तुमच्या वडिलांनी झाडलेला छर्रा डॉक्टरांनी तिच्या डोळ्यातून काढून अम्मीच्या हातावर ठेवला. चाळीस वर्षं आमच्या घरात आहे. मालाला नाव ठेवायला जागा नाही. अगदी सरळ जातो."

एका पाहुण्यानं हातातला छर्रा हळूच खाली ठेवला आणि रुमालानं बोटं पुसली.