घंगाळातला अनंत

खूप जुनी गोष्ट आहे. डोंगरांच्या कुशीत एक लहानसं राज्य होतं. तिथल्या राजाचं लग्न होऊन दोन वर्षं झाली होती. राणीचं नाव सुलक्षणा. ती मायाळू होती, कामसू होती, पण तिच्या मनात एक धास्ती घर करून बसली होती. आपलं काहीच सासूबाईंच्या पसंतीला उतरत नाही, असं तिला वाटे. सासूबाई कधी रागावत नसत, पण कधी ‘छान’ही म्हणत नसत.

त्या वर्षी सासूबाईंनी, म्हणजे सगळ्यांच्या आईसाहेबांनी, चातुर्मास नदीकाठच्या मठात काढायचं ठरवलं. निघताना त्यांनी सुनेला आपल्या दालनात बोलावलं. तिथे खिडकीपाशी, मातीच्या कुंडीत अनंताचं झाड होतं. चाळीस वर्षांपूर्वी माहेरून येताना त्यांनी त्याची फांदी ओल्या फडक्यात गुंडाळून आणली होती.

“सूनबाई, हा तुझ्या स्वाधीन,” एवढंच म्हणून त्या पालखीत बसल्या.

सुलक्षणेला आनंद झाला. आता दाखवून देऊ, असं तिने मनाशी ठरवलं. तिने झाड आपल्या दालनात आणवलं. मातीची कुंडी पाझरून गालिचा भिजवत होती, म्हणून तिने ते एका लखलखीत पितळी घंगाळात लावून घेतलं. आपल्या डोळ्यांसमोर असावं म्हणून पलंगाशेजारी ठेवलं. आणि सकाळ-संध्याकाळ चांदीच्या झारीने स्वतःच्या हाताने पाणी घालू लागली.

तुळा नावाची एक दासी होती. आईसाहेबांच्या दालनातली झाडं वर्षानुवर्षं तीच पाहत आली होती. चार दिवस तिने पाहिलं आणि पाचव्या दिवशी तिला राहवलं नाही.

“राणीसाहेब, रोज नको पाणी. पावसाळी हवा आहे, माती वाळत नाही. आईसाहेब आधी मातीत बोट घालून बघायच्या.”

“म्हणजे मला पाणीसुद्धा घालता येत नाही?” सुलक्षणा म्हणाली. तुळा आपल्या कामाला लागली.

श्रावण लागला आणि खालची पानं पिवळी पडू लागली. मग ती गळू लागली. झाडाने मान टाकली, तशी तिने दुपारचंही पाणी सुरू केलं. जोशीबुवांना विचारलं. ते म्हणाले, दृष्ट लागली. राजवैद्यांना विचारलं. त्यांनी दूध घालायला सांगितलं. दृष्ट काढून झाली, दूधही घालून झालं, पण पानं गळायची थांबेनात.

एके दिवशी भल्या सकाळी सुलक्षणा स्नान करून आली, तर तुळा घंगाळ कलतं करून उभी होती. काळपट पाणी मोरीत वाहत होतं.

“काय करतेस?”

“पाणी तुंबलंय, राणीसाहेब. खाली भोक नाही. ते ओतून...”

“आता कळलं पानं का गळतात ते! मी घालते आणि तू ओतून टाकतेस. आईसाहेबांसमोर माझी फजिती व्हावी म्हणूनच ना?”

तुळाने सांगायचा प्रयत्न केला, पण राणीने ऐकून घेतलं नाही. त्याच दिवशी तिला वाड्याबाहेर काढलं. आईसाहेबांच्या झाडाला दगा देणारी म्हणून तिचं नाव गावभर झालं.

तुळा गेली, तरी पानं गळतच राहिली. आश्विन आला, तेव्हा झाडावर अकरा पानं उरली होती. महिन्याभरात आईसाहेब परतणार होत्या. घंगाळच लाभत नसेल, असं वाटून राणीने साळूबाई कुंभारणीला बोलावणं धाडलं आणि नवी, नक्षीदार कुंडी मागवली.

साळूबाई कुंडी घेऊन आली. तिने झाडाकडे एकवार पाहिलं आणि सरळ मातीत दोन पेरं बोट खुपसलं. बोट चिखलाने माखून बाहेर आलं. मग तिने खाली पडलेलं एक पान उचललं.

“तहानेलं झाड पान टाकतं, ते करकरीत वाळून. कडेनं करपतं ते. हे बघा, पिवळं आहे आणि मऊ आहे. याला पाणी जास्त झालंय.”

“पण त्याने तर मान टाकलीय,” सुलक्षणा म्हणाली.

“मुळं कुजल्यावर पाणी ओढणार कोण? पाण्यात उभं राहून तहानेनं मरतंय ते.”

साळूबाईने झाड मातीसकट बाहेर काढलं. दालनात कुबट वास पसरला. मुळं काळी, बुळबुळीत झाली होती. बुंध्याजवळची थोडीच पांढरी उरली होती.

“हे तुम्हाला कुणीच सांगितलं नाही?”

सुलक्षणेने एक काळं मूळ हातात घेतलं. “सांगितलं होतं,” ती म्हणाली.

तिने पालखी मागवली नाही. तशीच चालत तुळाच्या भावाच्या घरी गेली. तुळा अंगणात भात कांडत होती. वाड्यातून हाकललेल्या बाईला कुणी काम देत नव्हतं, म्हणून ती भावाच्या दारी पडून होती. राणीला पाहून शेजारपाजारच्या बायका जमल्या.

“तुळा, झाड माझ्या हाताने बिघडलं,” सुलक्षणा म्हणाली. “तू वाचवत होतीस. माझं चुकलं. परत चल.”

तुळाने मुसळ खाली ठेवलं. “इथे चार बायकांसमोर बोललात, तेच वाड्यातही बोला. मग येते.”

सुलक्षणेने वाड्याच्या चौकात, सगळ्या नोकरमाणसांसमोर ते बोलून दाखवलं. तुळा आली.

दोघींनी मिळून कुजकी मुळं छाटली. विटांचे तुकडे आणि वाळू घालून नव्या मातीत, तळाला भोक असलेल्या कुंडीत झाड लावलं आणि उजेडाच्या खिडकीत ठेवलं. मग काही न करण्याचं काम उरलं, आणि तेच राणीला सगळ्यात अवघड गेलं. हात झारीकडे जाई. ती आधी मातीत बोट घाली. ओल लागली की झारी परत ठेवी. आठ दिवस तिने थेंबही घातला नाही.

कार्तिकात आईसाहेब परतल्या. त्यांनी पाय धुण्याआधीच सुलक्षणेने त्यांना सारं सांगून टाकलं. काही झाकलं नाही. आईसाहेबांनी झाड पाहिलं. सात पानं होती.

“चाळीस वर्षांचं झाड होतं,” त्या म्हणाल्या आणि आत गेल्या. तीन दिवस त्या सुनेशी बोलल्या नाहीत.

चौथ्या दिवशी त्यांनी तिला बोलावलं.

“झाडापेक्षा मला तुळाचं जास्त लागलं. पण तिला आणायला तू स्वतः गेलीस, तेही तिनेच सांगितलं. कुंडी तुझ्याकडेच राहू दे. आता पाणी कधी घालायचं, ते मला विचारू नकोस. तुला कळतं.”

सुलक्षणेने वाकून त्यांना नमस्कार केला.

अनंताला पुन्हा फूल यायला दोन वर्षं लागली. त्याची एक बाजू उघडी पडली होती, ती शेवटपर्यंत भरली नाही.

जाणती माणसं म्हणून सांगतात: माया करायची तर आधी गरज पाहावी, कारण नको तेव्हा घातलेलं पाणीही झाड मारतं.