दिगंबरनं पत्रे पोचवले

एका गावाच्या माळावर एक शाळा होती आणि त्या शाळेत दिगंबर नावाचा एक भोळा मुलगा होता. तिथली मुलं पुस्तकाआधी हातानं शिकायची. सूत कातायची, विणायची, लाकडाच्या फण्या करायची. नववीला अर्थशास्त्र शिकवायचं म्हणून सुमेधाताईंनी मुलांना बाजारात दुकानच मांडून दिलं. मिळकतीतून गावच्या गळक्या बालवाडीवर नवे पत्रे घालायचे, असं मुलांनी ठरवलं.

ताई म्हणाल्या, वस्तूमागचे कष्ट गिऱ्हाइकाला सांगावेत. एक बाई पंचा घ्यायला आल्या. दिगंबरनं सरकी पेरण्यापासून सुरुवात केली. बोंडं फुटेपर्यंत एसटी आली आणि बाई गेल्या.

ताईंनी समजावलं, गिऱ्हाईक रिकाम्या हातानं जाता कामा नये.

पुढच्या बाजारी एका आजोबांनी दवाखान्याची वाट विचारली. दिगंबरनं ती सांगितली, मग मागं धावत जाऊन त्यांच्या हातात फणी कोंबली. फुकट. आजोबांना टक्कल होतं.

ताई म्हणाल्या, देण्याआधी समोरच्याकडे काय नाही ते बघावं.

थंडी पडली. दुकानापुढं एक शेळी येऊन उभी राहिली. तिच्याकडे मफलर नव्हता. दिगंबरनं दिला. अर्धा तिनं तिथंच खाल्ला, उरलेला गळ्यात घालून गेली.

आता मुलं चिडली. दिगंबर दुकानात नकोच म्हणाली. तो तोंड पाडून बसला. ताई त्याच्याजवळ जाऊन बसल्या.

"तुझं मन चांगलं आहे रे," त्या म्हणाल्या. "पण जनावरांचं राहू दे. आधी माणसं बघ. ज्याच्याकडे अजिबातच नाही, त्याला आधी द्यायचं."

दिगंबरनं हे पाठ केलं.

शेवटी पत्र्यांपुरते पैसे जमले. बाकीची मुलं बालवाडीच्या भिंती रंगवायला गेली. तालुक्याहून पत्रे आणायला ताईंनी टेम्पोबरोबर दिगंबरला पाठवलं. चुकायला वाटेत काही नव्हतंच.

संध्याकाळी टेम्पो रिकामा आला. दिगंबर हसतमुखानं उतरला आणि सांगू लागला. बालवाडीवर पत्रे आहेतच, गळके का असेनात. पण वाटेत एक घर लागलं, त्याला छप्परच नव्हतं. मालक बिचारे उन्हात उभे होते.

ताईंनी हळूच विचारलं, "कुणाचं घर?"

"आप्पासाहेबांचं."

आप्पासाहेब म्हणजे खडीच्या खाणीचे मालक, गावातले सगळ्यात श्रीमंत. त्यांच्या नव्या बंगल्याचं बांधकाम चालू होतं.

"आणि त्यांनी घेतले?"

"लगेच," दिगंबर म्हणाला. "पण ताई, आपले पत्रे पुरायचे नाहीत. त्यांची गरज फार मोठी आहे. तीन मजल्यांची."