आवडाईची पहिली रेघ

फार वर्षांपूर्वी, म्हणजे नेमकं कधी ते आमच्या पणजीलाही सांगता येत नसे, शिरवती नदीच्या अल्याड वडशेत होतं आणि पल्याड कोंडघोळ. दोन्ही गावं एकमेकांना हाक मारण्याइतकी जवळ. पण पावसाळ्यात नदी अशी फुगायची, की हाक पोचायची, माणूस पोचायचं नाही. वैद्य कोंडघोळात, शेतीची चांगली जमीन वडशेतात, आणि लेकीसुना दोन्हीकडे. श्रावणात माहेर डोळ्यांना दिसायचं आणि बायका काठावर उभ्या राहून रडायच्या.

शेवटी दोन्ही गावांनी ठरवलं, नदीवर साकव बांधायचा. भक्कम लाकडी पूल. काम वाटून घेतलं. कोंडघोळच्या सदाजी मेस्त्रीनं खांब उभे करायचे आणि त्यांना खाचा पाडायच्या. वडशेतच्या धाकू मेस्त्रीनं तुळया घडवायच्या. तुळईच्या टोकाला जे कोरून काढलेलं अरुंद कुसू असतं, ते खांबाच्या खाचेत जाऊन बसायचं, की झाला साकव.

धाकू मेस्त्री म्हणजे मोठा माणूस. पंचक्रोशीतली देवळं त्याच्या हातची. त्याला एक मुलगा, भिवाजी, आणि एक मुलगी, आवडी. भिवाजी बापाच्या हाताखाली काम करायचा. आवडी भुसा झाडायची, हत्यारांना तेल लावायची आणि बघत बसायची. त्या काळी बाईनं हत्यार पुसावं, धरू नये, अशी रीत होती. पण बघायला कोण अडवणार? असं म्हणतात, की तिची नजर अशी होती, की शेणानं सारवलेल्या अंगणात कुठे एका बोटाचा उतार आहे ते तिला उंबऱ्यातून कळायचं.

साकव जोडायचा दिवस आला आणि तुळया काही नीट बसेनात. एक आखूड, दुसरी लांब, तिसरीचं कुसू तिरकं. मग ठोकून ठोकून, फटींमध्ये पाचरी मारून साकव कसाबसा उभा केला. वाजतगाजत नारळ फुटले.

त्याच श्रावणात धाकूच्या बायकोला ताप भरला. भिवाजी वैद्याला आणायला निघाला. तो साकवाच्या मधोमध पोचला आणि पाण्याच्या धक्क्यांनी सैल झालेली एक पाचर सुटली. एक सुटली तशा सगळ्या सुटल्या. तुळया आगपेटीतल्या काड्यांसारख्या वाहून गेल्या, आणि त्यांच्याबरोबर भिवाजीही गेला. आठवडाभरात आईही गेली.

पाणी ओसरलं तशी दोन्ही काठांवर शिवीगाळ सुरू झाली. वडशेतकर म्हणाले, "तुमच्या खाचा चुकल्या." कोंडघोळकर म्हणाले, "तुमच्या तुळया चुकल्या." एका सकाळी दोन्हीकडचे पुरुष कोयते घेऊन पाण्यात उतरले. वयस्क माणसांनी हातापाया पडून कसंबसं थांबवलं. दसऱ्यापर्यंत निकाल लागला नाही तर कोयतेच निकाल लावतील, असं ठरलं.

आवडी या भांडणात कुठेच नव्हती. ती रोज नदीच्या वळणावर जाऊन बसायची, भावाचं काही सापडतं का बघायला. तिथं एक दिवस गाळात रुतलेली तुळई तिला दिसली. तुळईच्या टोकाला खांबाचा तुटका तुकडा अजून अडकलेला होता. म्हणजे खाचही तिथंच आणि कुसूही तिथंच. तिनं पदरानं गाळ पुसला. कुसू एका अंगानं खाचेला घासून चकचकीत झालं होतं, आणि दुसऱ्या अंगानं त्यात बोट जाईल एवढी फट होती. खाच सरळ होती, तिरकं होतं ते कुसू. तिच्या भावाचा जीव त्या फटीतून गेला होता.

ती घरी आली. धाकू ओसरीवर भिंतीकडे तोंड करून बसला होता. भिवाजी गेल्यापासून तो तसाच बसायचा. आवडीनं एक सरळ कडेची फळी घेतली आणि देव्हाऱ्यातून बापाचा गुण्या काढला. गुण्या म्हणजे काटकोन आखायचं हत्यार. तो धाकूच्या आज्याचा होता, शिसवीचा, दसऱ्याला त्याला हळदकुंकू लागायचं.

"आवडे, ठेव तो खाली," धाकू म्हणाला. "बाईमाणसानं धरायची वस्तू नाही ती."

"बाबा, एकदाच धरते. मग तुम्ही म्हणाल तशी शिक्षा करा."

तिनं गुण्या फळीच्या कडेला टेकवला आणि सुरीच्या टोकानं रेघ ओढली. मग गुण्या उलटा केला, त्याच ठिकाणी पुन्हा टेकवला, आणि दुसरी रेघ ओढली. गुण्या खरा असता तर दोन्ही रेघा एकावर एक आल्या असत्या. पण त्या खाली एक होत्या आणि वर दोन. मधे तांदळाचा दाणा सहज बसला असता.

धाकू उठून जवळ आला. त्यानं स्वतः गुण्या घेतला, स्वतः रेघा ओढल्या. एकदा, दोनदा, पाचदा. दाण्याएवढी फट काही जाईना.

"माझ्या आज्यानं देवळं बांधली यावर," तो म्हणाला.

"तेव्हा तो खरा असेल, बाबा. लाकूड आहे, माणसासारखंच वाकतं. आपण पूजा करत राहिलो, तपासलं कुणीच नाही."

धाकूनं गुण्या छातीशी धरला आणि पहिल्यांदा रडला. मुलगा गेला तेव्हाही तो रडला नव्हता. त्याला ठाऊक होतं, ही फळी चुलीत घातली तर कुणालाच काही कळणार नाही. कोंडघोळवर दोष जाईल, त्याचं नाव राहील. आवडीलाही ते ठाऊक होतं. तिनं फळी उचलून त्याच्या हातात दिली.

तेवढ्यानंच धाकूला बळ आलं, असं म्हणतात. तो फळी घेऊन नदीवर गेला आणि कमरेएवढ्या पाण्यात उभा राहून पल्याड ओरडला, "अहो सदाजी! वडशेतचा गुण्या वाकडा आहे! माझाच आहे! माझ्या मुलाला मीच मारलं!"

ओरडा ऐकून दोन्ही काठांवर लोक जमले. ज्यांनी कोयते आणले होते त्यांना ते कुठे ठेवावेत कळेना. पलीकडे सदाजी मेस्त्री उभा होता, ताठ मानेचा म्हातारा. तो मागे वळला. घरी गेला आणि आपला गज, म्हणजे मापाची लाकडी काठी, घेऊन आला, जिच्यावर त्यानं साकवाचं सगळं माप घेतलं होतं. नदी ओलांडून त्यानं धाकूचाही गज घरून मागवला आणि दोन्ही शेजारी शेजारी वाळूत ठेवले. सदाजीचा गज दोन बोटं आखूड भरला. त्याच्या टोकाची लोखंडी टोपी कधीतरी पडली होती, आणि म्हातारा येताजाता तोच गज काठीसारखा टेकत चालायचा. टोक झिजून गेलं होतं.

"एकट्यानं ओझं घेऊ नका, धाकू," सदाजी म्हणाला. "अर्धं माझं आहे."

कोयते घरी गेले. पण नव्या साकवाची गोष्ट निघाली तशी पुन्हा कुरबुर सुरू झाली. नवा गज करायचा, पण कुणाच्या हाताच्या मापाचा? वडशेतच्या पाटलाचा हात लांब, कोंडघोळच्या पाटलाचा आखूड. दोन दिवस वाद चालला. तेव्हा धाकू सगळ्यांसमोर म्हणाला, "माझ्या मुलीला विचारा. चूक तिनं धरली."

आवडी उभी राहिली. "कुणाचाच हात नको," ती म्हणाली. "हात म्हातारा होतो, आखडतो, एक दिवस जळतो. माप कितीही लांबीचं चालेल, दोन्हीकडे एकच हवं."

तिनं स्वतःच्या स्वयंपाकघरातला सागवानी वासा काढायला सांगितला. चाळीस वर्षं चुलीचा धूर खाऊन तो असा वाळला होता, की आता उन्हानं आखडणार नव्हता की पाण्यानं फुगणार नव्हता. त्याची एक सरळ काठी तिनं घडवली आणि मधून उभी चिरली. दोन्ही फाळ्या शेजारी ठेवून घट्ट बांधल्या, टोकं एकाच करवतीनं एकदमच कापली, आणि सुरीनं दोन्हींवरून एकाच ओढीत खुणा केल्या. कुणीतरी कोळसा पुढे केला तर म्हणाली, "कोळशाची रेघ जाड. तिच्या अलीकडे कापायचं की पलीकडे, त्यावरच पुन्हा भांडाल." मग बांधलेलं सोडलं, एक फाळी वडशेतला दिली, एक कोंडघोळला. टोकांना पितळेच्या टोप्या बसवल्या, आणि कुणी गज टेकत चालायचं नाही, अशी शपथ घातली.

सगळा हिवाळा दोन्ही काठांवर काम चाललं. रोज कामाआधी आवडी एकेकाचा गुण्या उलटून बघायची. मोठमोठे मेस्त्री तिच्यापुढे फळी घेऊन रांगेत उभे राहायचे. ज्याचा वाकडा निघेल त्याला ती हसायची नाही. "कळलं हे बरं झालं," एवढंच म्हणायची आणि घासून सरळ करून द्यायची. तेव्हापासून तिला आवडाई म्हणू लागले.

जोडणीच्या सकाळी असं धुकं पडलं, की दोन हातांवरचं माणूस दिसेना. लोक म्हणाले, थांबू या. आवडाई म्हणाली, "मापाला डोळे लागत नाहीत." तुळया नुसत्या आवाजाच्या अंदाजानं सरकवल्या. एक टक् असा आवाज आला. मग दुसरा, मग तिसरा. असं म्हणतात, की त्या दिवशी एकही पाचर लागली नाही, एकही खिळा लागला नाही, आणि दुपारी धुकं उठलं तेव्हा साकव नदीवर असा उभा होता, जणू तो तिथंच उगवला होता. सदाजीनं जोडात सूत घालायचा प्रयत्न केला. सूत आत गेलं नाही.

पुढच्या वर्षी महापूर आला. पाणी साकवावरून सात दिवस वाहिलं. वाहून आलेले वृक्ष त्याच्यावर आपटत होते. सातव्या दिवशी आवडाई ओळंबा घेऊन निघाली. दोरीला टांगलेलं ते लहानसं वजन, ज्यानं खांब सरळ आहे की नाही ते कळतं. धाकू म्हणाला, "आवडे, एक पोर याच पाण्यानं नेलंय माझं." ती म्हणाली, "म्हणूनच बघायला हवं, बाबा." ती घोटाभर पाण्यातून मधोमध गेली आणि ओळंबा सोडला. वारा झाडं उपटत होता, पण ओळंबा हलला नाही. असं म्हणतात, की तो खांबाशी इतका सरळ लटकला, की नदीनंच ते पाहिलं आणि त्या रात्रीपासून पाणी उतरायला लागलं. त्या पावसाळ्यात दोन्ही गावांतलं एकही माणूस वैद्यावाचून मेलं नाही.

आवडाई पुष्कळ जगली. शेवटी तिला दिसेनासं झालं, तरी नुसतं बोट फिरवून ती गुण्या खरा की खोटा सांगायची. ती गेली त्या दिवशी दोन्ही गावांत जिथं जिथं बांधकाम चालू होतं, तिथले ओळंबे भर वाऱ्यात स्तब्ध होते, असं म्हणतात.

आता शिरवतीवर सिमेंटचा पूल आहे, गाड्या जातात. पण वडशेतात आणि कोंडघोळात अजूनही घरचं लाकूडकाम निघालं, दाराचं लाकूड असो की मुलाच्या पाळण्याचं, मेस्त्री आधी हात लावत नाही. तो सुरी पुढे करतो आणि घरातल्या लेकीला बोलावतो. ती गुण्या एकदा उलटून बघते, खरा असल्याची खात्री करून घेते आणि कोऱ्या लाकडावर पहिली रेघ ओढते. लेक सासरी असेल तर तिची वाट बघतात. काम दोन दिवस थांबलं तरी चालतं.