मुकुटवाला हत्ती

फार फार जुन्या काळची गोष्ट. कुठल्या राज्यातली, ते मात्र विचारू नका हं. असल्याच एका प्रश्नापायी अख्ख्या गावाचं वाटोळं झालं, तेच तर सांगायचंय!

त्या राज्यात एक रीत होती. राजाची चूक तोंडावर सांगायची नाही, गोष्टीत घालून सांगायची. तोंडावर बोलेल तो हद्दपार. म्हणून तिथे राजपुत्रांना तलवारीच्या आधी गोष्टी शिकवत. गोष्ट ऐकायची आणि ती कोणासाठी सांगितली ते ओळखायचं. आपल्या गोष्टीतल्या राजाने मात्र तो अभ्यास कधी केलाच नाही. "गोष्टी म्हणजे रिकामटेकड्यांचे उद्योग!" असं म्हणायचा आणि घोड्यावर बसून पसार व्हायचा.

गादीवर आल्यावर त्याने नौकाविहारासाठी बांध घालून नदी अडवली. खालच्या गावच्या विहिरी आटल्या, गुरं मरायला लागली. गावाने मग एका जाणत्या आजीला दरबारात धाडलं.

आजी म्हणाली, "महाराज, एका रानात एक हत्ती होता. ओढ्यात आडवा पडून डुंबायचा. पाणी खाली जाईना. खालची हरणं तडफडून मरायला लागली."

राजाच्या डोळ्यांना धारा लागल्या. आजीला वाटलं, चला, पोचलं एकदाचं!

"अरेरे, बिचारी हरणं!" राजा म्हणाला. "कुठलं रान हे? त्या हत्तीला धरून आणा!"

आता काय बोलायचं या माणसापुढे, तुम्हीच सांगा! दरबाऱ्यांनी कपाळाला हात लावले. आजी पुन्हा म्हणाली, "महाराज, त्या हत्तीच्या डोक्यावर मुकुट होता."

"मग तर सापडायला सोपा!" राजा म्हणाला.

पालथ्या घड्यावर पाणी, दुसरं काय! सैन्य रानात गेलं, आजी घरी गेली. गावाने थोडे दिवस कळ काढली आणि मग गाड्या जुंपून शेजारच्या राज्याची वाट धरली.

सुगीच्या दिवसांत राजवाड्यावर धान्याची एकही गाडी आली नाही. राजा तणतणत गावात पोचला. घरं उघडी, चुली थंड, शेतांना भेगा.

"इथे पाणी नव्हतं, हे मला कोणी का सांगितलं नाही?" राजा ओरडला.

बरोबर आलेला प्रधान अगदी थकून गेला होता. तो म्हणाला, "सांगितलं होतं, महाराज. तुम्ही रडलातसुद्धा."

राजाने त्याच दिवशी बांध फोडला. नदी धो-धो खाली आली. पण ते पाणी प्यायला गावात माणूस उरला नव्हता.

म्हणून लहानांनो, आणि मोठ्यांनो तुम्हीसुद्धा, गोष्ट ऐकून नुसते डोळे पुसू नका. तिच्यात आपण कुठे आहोत, ते शोधायला शिका.