पोयखारची मुकी घंटा

पोयखारला कुणाकडेही जेवायला बसा, ताट जागेवर बसत नाही. काशाचं असो की स्टीलचं, त्याच्या बुडाला पोचे असतात, आणि डावीकडे वाढलेलं वरण उजवीकडे जाऊन थांबतं. प्रणाली मार्गशीर्षात लग्न होऊन गुरवांच्या घरी आली तेव्हा पहिल्या घासालाच तिच्या हे लक्षात आलं. घर तालेवार, दारात दोन गाड्या, आणि ताटं अशी. चिकटपणा असेल, असं तिने मनात म्हटलं आणि वरणाच्या मागोमाग भात सरकवला.

दुसरी गोष्ट घंटेची. घरालगतच खारेश्वराचं देऊळ. सभामंडपात माणूस आत मावेल एवढी घंटा. तिच्या पोटावर क्रूस, खाली परक्या लिपीतली एक ओळ, आणि आत टोला देणारी जीभ नाही. नुसतीच पोकळी. सासूला विचारलं तर त्या म्हणाल्या, "पौष पौर्णिमेला खाडीपलीकडे क्रुसवाडीत जायचंय तुला. घरातल्या सर्वांत नव्या सुनेचं काम असतं. अंगणात उभं राहायचं आणि म्हणायचं, 'त्या दिवशी घंटा आम्ही वाजवली नाही.' जीभ मागून आणायची. ती मिळाल्याशिवाय जत्रा उभी राहत नाही."

"कुठल्या दिवशी?"

"एवढं म्हणायचं. फार खोलात शिरू नये."

म्हणजे कबुली पाठ करायची, आणि गुन्हा विचारायचा नाही.

पौर्णिमेच्या सकाळी देवळात पुण्याची दहा-बारा माणसं आली होती. त्यांना घंटेची गोष्ट सांगायला अण्णा बसले होते. अण्णा म्हणजे प्रणालीच्या सासऱ्यांचे चुलते, वय शहाऐंशी. होडी यायला अवकाश होता, म्हणून प्रणाली नऊवारी सावरत खांबाशी उभी राहिली.

"असं सांगतात," अण्णा म्हणाले, "की या खाडीच्या दोन्ही काठांवर फिरंग्याचा अंमल होता. पलीकडचा काठ बाटला, अलीकडचा राहिला. तिकडे पाद्र्यानं त्यांचं देऊळ, म्हणजे चर्च, बांधलं आणि घंटेसाठी धातू मागितला. घरटी एक काशाचं ताट. बायकांनी लग्नातली ताटं आणून टाकली म्हणे. ती वितळवून ही घंटा ओतली. खाडीच्या तोंडाशी मोठे खडक आहेत. थंडीत धुकं उतरलं की स्वतःचा हात दिसत नाही. तेव्हा ही घंटा वाजायची आणि आवाजाच्या रोखानं होड्या घरी यायच्या. तिकडच्याही आणि इकडच्याही."

"मग इथे कशी आली?" काळा गॉगल डोक्यावर चढवलेल्या एका गृहस्थांनी विचारलं.

"मराठ्यांची फौज आली. फिरंगी गलबतात बसून गेला. पोयखारचे लोक वाजत-गाजत पलीकडे गेले, घंटा उतरवली, दोन होड्या जोडून त्यांच्यावर चढवली. पुढे आमचा पूर्वज, राघो गुरव. घंटेला हार घालायला त्याची नवी सून, येसू."

"वा," गॉगलवाले म्हणाले. "विजयाचं चिन्ह आहे हे. बोर्ड लावा इथे."

"फिरंग्यांनी चांगलंही केलंय हो काही," त्यांच्या बाई म्हणाल्या. "काजू, पाव..."

"तू पाव खा."

माणसं हसली. अण्णाही हसले. एरवी गोष्ट इथेच संपते, मग फोटो, मग प्रसाद. कठड्याशी उभे असलेले सासरे खाकरले. ते खाकरणं प्रणाली महिन्याभरात ओळखायला शिकली होती. त्यात शब्द नसत, पण घरातलं सगळं त्यावर थांबे: टीव्ही, भांडण, नणंदेचं पुण्याला शिकायला जाणं. अण्णाही थांबले आणि प्रसादाच्या टोपलीकडे वळले.

होडी धक्क्याला लागलेली दिसत होती. थोड्या वेळाने परक्या अंगणात उभं राहून तिला ते वाक्य म्हणायचं होतं.

"अण्णा," ती म्हणाली. सासऱ्यांसमोर ती पहिल्यांदाच बोलत होती. "मग काय झालं?"

सासरे पुन्हा खाकरले. अण्णांनी तिच्याकडे पाहिलं, मग टोपली खाली ठेवली.

"मग," ते म्हणाले, "घंटा निघाली तेव्हा पलीकडच्या बाया पाण्यात उतरल्या. अडवायला नाही. त्यांत येसूची सख्खी मावशी होती. ती एवढंच म्हणाली, न्यायची तर न्या, पण धुक्यात वाजवा. आमची माणसं तिच्यावर घरी येतात. राघोनं खारेश्वराची शपथ घेतली, वाजवू म्हणून."

"मग?"

"घंटा इथे टांगली. आणि कुणीतरी म्हणालं, बाटलेल्यांच्या उष्ट्या ताटांची घंटा, शुद्ध केल्याशिवाय देवापुढे कशी वाजवायची? शुद्धीचा मुहूर्त निघाला माघातला. धुकं पौषात उतरलं."

अण्णांनी टोपली आणखी बाजूला सारली.

"सकाळची वेळ. पलीकडची एक होडी बाहेर होती, पाच माणसं. वाट चुकली. त्यांनी शंख फुंकला. बाटले तरी दर्यावरची माणसं ती, शंख सुटला नव्हता. येसू अंगणात सडा घालत होती. ती धावत इथे आली आणि दोर हातात घेतला. राघो तिथे," अण्णांनी कठड्याकडे हात केला, "तिथे उभा होता. तो तिला 'वाजवू नको' म्हणाला नाही. नुसता खाकरला."

सासऱ्यांनी मान दुसरीकडे वळवली.

"ती दोर धरून उभी राहिली. शंख वाजत राहिला. मग थांबला. पाचांत तिच्या मावशीचा मुलगा होता."

"पण ते फिरंग्यांचेच लोक ना शेवटी," गॉगलवाले म्हणाले, जरा हळू.

"बाटण्याआधी आमच्याच पंगतीला बसणारे," अण्णा म्हणाले. "येसूनं त्याच दिवशी घंटेची जीभ काढली, पदरात गुंडाळली आणि पलीकडे नेऊन मावशीपुढे ठेवली. म्हणाली, आम्ही वाजवली नाही. ही ठेवून घ्यायच्या लायकीचे आम्ही नाही. त्यानंतर धुकं उतरलं की ती काठावर उभी राहून आपलं लग्नातलं ताट बडवायची, शेवटची होडी येईपर्यंत. आधी एकटी. मग गाव."

ताटांचे पोचे बघून आपण मनात 'चिकटपणा' म्हटलं होतं, ते प्रणालीला आठवलं. ती धक्क्याकडे निघाली.

क्रुसवाडीत अंगण सारवलेलं होतं. फिलुबाय खुर्चीत बसल्या होत्या, वाडीतल्या सर्वांत म्हाताऱ्या. बाकीच्या बाया भिंतीला टेकून उभ्या होत्या.

"आली गो गुरवाची," फिलुबाय म्हणाल्या. "बोल. तुझ्या आधीची मोबाईलात बघून वाचून गेली."

बाया हसल्या. प्रणालीला हसू आलं नाही. तिने वाक्य म्हटलं. घरी पाठ केलं तेव्हा ते दोन सेकंदांत संपत होतं. इथे मध्येच आवाज गेला आणि पुन्हा सुरुवातीपासून म्हणावं लागलं.

फिलुबायनी तिला हाताने जवळ बोलावलं.

"तुमच्याकडे सांगतात पाद्र्यानं ताटं मागितली," मग त्या म्हणाल्या. "आमच्याकडे सांगतात, मागितली नव्हती. आमच्या बायांनी आपणहून दिली, पुरुष समुद्रावर म्हणून. फिरंगी आमचा कोण? गलबतात बसला नि गेला, मागं वळून बघितलं नाही. आम्ही इथंच. तुम्ही त्याला हरवलंत आणि घंटा आमची नेलीत."

"हो," प्रणाली म्हणाली.

"हो म्हणाली," फिलुबाय बायांना म्हणाल्या. "मागच्या साऱ्या म्हणायच्या, मला माहीत नाही."

आतून जीभ आली, जुन्या लुगड्यात गुंडाळलेली. फिलुबायनी ती प्रणालीच्या हातांत ठेवली. तान्ह्या मुलाएवढी जड. होडीत ती मांडीवर घेऊनच प्रणाली बसली, शेजारी फिलुबाय. देवळात जीभ घंटेत अडकवली आणि पाच टोले पडले, बुडालेल्या एकेका माणसाचा एकेक, आणि ते फिलुबायनीच दिले. तोवर पुण्याची माणसं गेली नव्हती. गॉगलवाल्यांचा गॉगल आता हातात होता. फोटो कुणी काढला नाही. पाचव्या टोल्यानंतर जीभ परत लुगड्यात गेली आणि लुगडं होडीत.

चारच दिवसांनी सकाळी धुकं उतरलं. प्रणालीने फडताळातून ताट काढलं. आईने दिलेलं, काठावर तिचं नाव आणि लग्नाची तारीख कोरलेली, अजून एकदाही न वापरलेलं. खाडीकाठी शेजारणी आधीच उभ्या होत्या. तिने पळी उचलली. मागे सासरे येऊन खाकरले. थंडीने असेल, नाहीतर सवयीने. तिचा हात थांबला नाही. थोड्या वेळाने ते उभे होते तिथून आणखी एका ताटाचा आवाज येऊ लागला. तिने वळून पाहिलं नाही.

आता होड्यांवर वाट दाखवणारी यंत्रं आहेत, खडकावर दिवा आहे. आजही पोयखारची घंटा वर्षभर मुकी असते, आणि आजही धुकं उतरलं की पोयखारची ताटं शेवटची होडी येईपर्यंत वाजतात. ती अलीकडची की पलीकडची, हे कुणी विचारत नाही. मग ताटं धुऊन त्यांतच जेवण वाढतात. ताट डुगडुगतं, वरण पळतं. बुडाखाली काही सारून ते कुणी सरळ करत नाही.